भरपूर तेल म्हणजे चांगली निगा? रायफलच्या बाबतीत नाही

‘नळीत तेल भरून ठेवा, रायफल पिढ्यान्‌पिढ्या टिकेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण अमेरिका-कॅनडात शिकारीसाठी पहिली .३०८ कॅलिबरची बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग, हाताने मागेपुढे करावी लागणारी) रायफल घेणारे मराठी लोकही हा सल्ला पाळतात. तो चुकीचा आहे.

गंज रोखायला तेलाचा पातळ थर पुरतो. जास्तीचं तेल चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या भागात) उतरलं, की बार उडताना काडतुसाचं पितळी कवच भिंतीला नीट धरत नाही आणि मागचा सगळा धक्का बोल्टवर येतो. तेलकट नळीतून पहिली गोळी बहुधा वेगळ्याच जागी लागते. काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या स्प्रिंगवरचं तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं. मग पिनचा फटका कमजोर बसतो, बार उडतच नाही. रायफल उभी ठेवली तर तेल लाकडी दस्त्यात झिरपून लाकूड मऊ करतं.

साफ करताना आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग बोल्ट काढा. सफाईचा गज नेहमी चेंबरच्या बाजूने घाला, शक्यतो बोअर गाइडमधून (गज सरळ ठेवणाऱ्या नळीतून); नळीच्या तोंडाकडून घातला तर तिथली कड झिजते, नेम बिघडतो. सॉल्व्हंटची (काजळी विरघळवणाऱ्या द्रवाची) चिंधी फिरवून दहा मिनिटं थांबा, कांस्य ब्रश आठ-दहा वेळा आरपार न्या, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसा. शेवटी चिंधीवर दोन थेंब तेल, बस्स. नव्या रायफललाही हे करा, कारखान्याचं संरक्षक तेल आत असतं. आणि गोळी झाडण्यापूर्वी नळी व चेंबर कोरड्या चिंधीने पुसायला विसरू नका.