पावसाचे आडाखे (नाशिक जिल्हा)

पक्षी, कीटक, झाडे, आभाळ आणि नक्षत्रे यांवरून पाऊसपाण्याचा अंदाज बांधण्याची लोकपरंपरा. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला सुमारे 3,000 मिमी पाऊस पडतो, पर्जन्यछायेतल्या येवल्यात 500 मिमीच्या आसपास. म्हणून आडाखा एकच असला तरी भातकरी त्यात आवणीचे (भाताची रोपे लावण्याचे) पाणी शोधतो आणि येवला-नांदगावचा शेतकरी पेरावे की थांबावे, हे.

7 जूनच्या सुमारास मृग निघतो. त्याआधी पावशा पक्ष्याची ‘पेरते व्हा’ ही साद ऐकू येते. हा त्याच्या विणीचा हंगाम असल्याने साद आणि पाऊस यांची गाठ दरवर्षी पडते. कावळ्याने आंब्यासारख्या डेरेदार झाडावर घरटे केले तर पाऊस चांगला, बाभळीवर केले तर ओढ, असे मानतात. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, नदीपात्रात खोलगट जागी घातली तर कमी. चार अंडी म्हणजे चारही महिने पावसाचे, असेही म्हणतात. पण टिटवी बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे या खुणेवर फार विसंबता येत नाही. चंद्राभोवतीच्या खळ्याचा आडाखा मात्र भक्कम आहे. उंचावरच्या पातळ ढगांतील हिमकणांमुळे खळे पडते आणि असे ढग पुष्कळदा पावसाच्या आधी येतात.

बागलाण-मालेगावच्या अहिराणी पट्ट्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पावसाच्या चार महिन्यांच्या नावाने मातीची चार ढेकळे मांडून त्यांवर पाण्याची घागर ठेवण्याची रीत आहे. पाझराने जे ढेकूळ अधिक भिजेल, त्या महिन्यात पाऊस अधिक.

नक्षत्रांचा पाऊस तर घरातल्या माणसांसारखा ओळखतात: पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहनही दिलेले असते. बेडूक, म्हैस, हत्ती आले की गावाला हायसे वाटते; कोल्हा किंवा मेंढा आला की चिंता.

ही सारी परंपरा भात-बाजरीच्या शेतीत घडली. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला आजही लागू पडते. स्वाती लागते 24 ऑक्टोबरच्या सुमारास. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत तेव्हा गोडी छाटणीनंतरची (फळांसाठी केलेल्या छाटणीनंतरची) कोवळी फूट असते, आणि तोच पाऊस तिच्यावर डावणी हा बुरशीचा रोग आणतो. फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीसाठी तर पावसाच्या नक्षत्रांत जागाच नाही. मृगापासून निघालेली ही मोजणी स्वातीपाशी थांबते.