एक्स-रेतला स्पायना बायफिडा आणि बाळाच्या पाठीवरची गाठ

कंबर दुखते म्हणून जालन्यात किंवा बीडला एक्स-रे काढला, की रिपोर्टात कधीकधी एक ओळ येते: ‘स्पायना बायफिडा ऑक्युल्टा, एस-1’. माणूस मोबाइलवर शोधतो, समोर पाठीवर गाठ असलेल्या बाळांचे फोटो येतात आणि चांगल्या धडधाकट गड्याची झोप उडते.

त्या ओळीचा अर्थ एवढाच, की कंबरेखालच्या एखाद्या मणक्याची (एस-1 म्हणजे त्यातला पहिला) मागची कमान जन्मापासून पुरती जुळलेली नाही. आतला मज्जारज्जू शाबूत, वरची कातडी शाबूत. साधारण दहातल्या एकाला हे असतं, बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. कंबरदुखीचं खापरही सहसा त्याच्यावर फोडता येत नाही. मात्र त्या जागी केसांचा झुबका, खोल खळगा किंवा चरबीची गाठ असेल, पाय बारीक पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर मज्जारज्जू खाली अडकलेला असू शकतो. मग एमआरआय टाळू नका.

बाळाच्या पाठीवरची गाठ, म्हणजे मायलोमेनिंगोसील, हा स्पायना बायफिडाचाच गंभीर प्रकार, पण हे प्रकरणच निराळं. तिथे मज्जारज्जू आणि नसाच पिशवीत बाहेर आलेल्या असतात. पायांत बळ कमी, लघवी-संडासवर ताबा नाही, पुष्कळांच्या डोक्यात पाणी साठतं आणि शंट, म्हणजे ते पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी, बसवावा लागतो. गाठीला हळद-तेल काही लावू नये. निर्जंतुक ओल्या गॉजने झाकून, बाळाला पालथं ठेवून मोठ्या दवाखान्यात न्यावं. ऑपरेशन पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हावं. त्याने जंतुसंसर्ग टळतो, गेलेलं बळ परत येत नाही. हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. पुढे सगळ्यांत दुर्लक्ष होतं ते लघवीकडे. मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नाही तर मूत्रपिंडं खराब होतात, म्हणून दिवसातून चार-सहा वेळा स्वच्छ नळीने लघवी काढायला आईला शिकवतात. बुद्धी बहुतेकांची चांगली असते.

ग्रहणात विळीवर काही चिरलं म्हणून असं झालं, हे सुनेला हमखास ऐकावं लागतं. खरं तर गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मज्जारज्जूची नळी मिटायची असते. तेव्हा पाळी चुकल्याचं नुकतं कुठे लक्षात येतं. म्हणून फोलिक अ‍ॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत. त्याने सगळी नाही, पण बरीचशी प्रकरणं टळतात. ऊसतोडीला गेलेल्या बाईची गरोदरपणाची नाव-नोंदणी अनेकदा गावी परतल्यावर होते, तोवर ही वेळ निघून गेलेली असते. मूल हवं असेल तर गोळ्यांचं कारखान्यावर निघण्याआधीच आशाताईंना विचारावं. आधीचं बाळ असं झालं असेल तर डोस दहापट लागतो, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.