जांघेतील गजकर्ण

जांघेतील गजकर्ण : (नायटा, संस्कृत–दद्रू, वसाहतकालीन नाव–धोबी इच). जांघेची घडी व मांडीची आतील बाजू येथे सुरू होऊन ढुंगणापर्यंत पसरणारा त्वचेचा कवकसंसर्ग (बुरशीचा संसर्ग). चट्टा गोलाकार असून त्याची कड उंच, लालसर व खवल्यांची असते; मध्यभाग निवळत जाऊन काळपट पडतो. खाज तीव्र असते व घाम आल्यावर वाढते. मुंबईच्या दमट हवेत गुप्तांगाजवळ एकाएकी दिसू लागलेल्या चट्ट्याचे हे नेहमीचे कारण असले, तरी एकमेव कारण नव्हे.

दद्रूचा उल्लेख प्राचीन वैद्यकग्रंथांत कुष्ठ या प्रकरणात येतो. तेथे कुष्ठ म्हणजे केवळ महारोग नसून त्वचाविकारांचा मोठा वर्ग आहे. चरकसंहितेत दद्रूची गणना क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुतसंहितेत महाकुष्ठांत केली आहे. खाज, लाली, पुटकुळ्या व उंचावलेले मंडल हे चरकाचे वर्णन आजच्या गजकर्णाशी पुष्कळ जुळते. तथापि दद्रूचा प्रत्येक जुना उल्लेख कवकसंसर्गाचाच मानणे धाडसाचे ठरेल. पावसाळ्यात मुंबईच्या बाजारांत रानभाजी म्हणून येणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द व दद्रुघ्न अशी नावे आहेत, यावरून या वनस्पतीचा या रोगाशी जोडलेला संबंध जुना असल्याचे दिसते.

‘धोबी इच’ हे नाव अधिक वादाचे आहे. ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्करी व वसाहती वैद्यकात रूढ झाले. अनेकांचे कपडे एकत्र धुतल्याने रोग धोब्याकडून येतो, ही त्यामागील समजूत होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी श्रीलंकेत काम करणाऱ्या आल्दो कास्तेल्लानी यांनी या विकाराच्या कवकजन्य स्वरूपाचा अभ्यास केला. पुढे १९४३ मध्ये, भारतातील अमेरिकन सैनिकांच्या निरीक्षणावरून, धोब्याच्या खुणेमुळे होणाऱ्या वेगळ्याच त्वचाशोथाचे (त्वचेच्या दाहाचे) वर्णन प्रसिद्ध झाले. कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने त्यांवर खूण करीत, आणि ज्याला बिब्बा उतत असे त्याच्या अंगावर नेमकी त्या खुणेखालची कातडी लाल होऊन फोड येत. खूण मानेमागे असल्यास मान, कमरेच्या पट्ट्यावर असल्यास कंबर, असा हा हिशेब होता. बिब्बा आंबा-काजूच्या कुलातील असून त्याच्या तेलातील द्रव्ये अधिहर्षता (ॲलर्जी) निर्माण करतात. त्यामुळे एकाच नावाखाली दोन असंबद्ध रोग नांदत होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कवकाचे बीज कपड्यांतून पसरू शकते हे खरे. परंतु त्याचा दोष महालक्ष्मीच्या धोबीघाटापेक्षा घरातल्या सामाईक पंच्याकडे आणि पावसाळ्यात चाळीच्या गॅलरीत अर्धवट वाळलेल्या चड्डीकडे अधिक जातो.

रोगकारक कवके त्वचेच्या शृंगस्तरातील (सर्वांत वरच्या थरातील) केराटिन या प्रथिनावर जगतात. भारतात पूर्वी ट्रायकोफायटॉन रुब्रम हे प्रमुख कारण मानले जाई. अलीकडे त्याची जागा मोठ्या प्रमाणात दुसऱ्या एका कवकाने घेतली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले. ही निराळी जाती की ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटीसचाच आठवा जनुकप्रकार, याविषयी एकमत नाही. निराळी जाती मानण्याकडे कल वाढत आहे. चिकित्सेच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. टर्बिनाफिन हे औषध कवकाचे स्क्वालीन इपॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) अडवते, आणि या कवकात त्या विकराच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे औषधाला प्रतिकार वारंवार आढळतो. पूर्वी दोनतीन आठवड्यांत आटोपणारे उपचार त्यामुळे महिनोन्‌महिने चालतात व इट्राकोनॅझोल या दुसऱ्या कवकनाशकाचा वापर वाढला आहे.

प्रतिकाराइतकीच जबाबदारी ‘मेडिकलमधून आणलेल्या ट्यूब’वर येते. कवकनाशक, प्रतिजैविक व क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असे मिश्रण लावताच दोन दिवसांत खाज थांबते, कड पुसट होते, आणि कवक मात्र निर्वेध पसरत राहते. असा वेष पालटलेला नायटा ओळखणे कठीण जाते. शिवाय जांघेची कातडी पातळ होऊन कायमचे पांढुरके वळ उमटतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ बाह्यलेपी स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत, म्हणजे अनुसूची ‘एच’मध्ये, स्पष्टपणे आणली.

जांघेत व गुप्तांगावर चट्टे उठवणारे इतर विकारही आहेत. गंमत अशी की तेच क्लोबेटासोल त्यांतील लायकेन स्क्लेरोसस या विकारावरील पहिले औषध आहे. त्यात योनीमुखाभोवती किंवा शिश्नाच्या अग्रत्वचेवर पांढरे, सुरकुतलेले चट्टे पडतात. दुर्लक्ष झाल्यास तेथे कर्करोगाचा धोका असतो. हे चट्टे कोडासारखे दिसल्याने संभ्रम होतो, मात्र कोडात कातडीचा पोत बदलत नाही. कँडिडा या यीस्टचा संसर्ग अंडकोशाच्या कातडीवरही पसरतो, गजकर्ण बहुधा ती टाळते. कँडिडाचा संसर्ग वारंवार झाल्यास रक्तातील साखर तपासतात. एरिथ्राझ्मा हा जिवाणूजन्य चट्टा वुडच्या (जंबुपार किरणांच्या) दिव्याखाली प्रवाळासारखा लाल चमकतो. रात्री वाढणारी खाज व शिश्नावर किंवा अंडकोशावर टणक गाठी ही खरजेची खूण होय. ठरावीक गोळी घेतली की त्याच जागी उमटणारा जांभळट डाग औषधाचा असतो, आणि गळ्यालाही जांघेसारखीच मखमली काळी झाक असेल तर ती इन्शुलिन-प्रतिरोधाकडे, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याकडे, बोट दाखवते. उपचारांना न जुमानता महिनोन्‌महिने टिकणारा ओलसर लाल चट्टा पॅजेट रोगाचा (त्वचेच्या एका कर्करोगाचा) असू शकतो; तेथे बायॉप्सीला पर्याय नाही.

मुंबईत रुग्ण यांपैकी काहीही असले तरी बहुधा ‘उष्णता झाली’ किंवा ‘साबण लागला’ असे सांगतो. लोकल स्थानकांजवळच्या भिंतींवरील ‘गुप्तरोग’ या शब्दाने जांघेतला प्रत्येक डाग लैंगिक संबंधातून आला असल्याची भीती घातलेली असते. स्त्रिया आणखी उशिरा दाखवतात, त्यामुळेही त्यांच्यातील विकाराची नोंद पुरुषांपेक्षा विरळ आहे.

निदानाची प्राथमिक परीक्षा स्वस्त आहे. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतील त्वचाविभागात डॉक्टर ब्लेडच्या बोथट बाजूने चट्ट्याच्या कडेचे खवले काचपट्टीवर खरवडून घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात आणि पट्टी किंचित शेकून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. विरघळलेल्या पेशींमधून फांद्या फुटलेले कवकतंतू दिसले की निदान ठरते. आदल्या दिवसांत मलम लावलेले असल्यास तंतू न दिसण्याचा संभव असतो, म्हणून वापरलेल्या ट्यूबचे खोके रुग्णाने बरोबर आणणे डॉक्टरांना उपयोगी पडते. लेप चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत व डाग निवळल्यावरही साधारण दोन आठवडे लावतात. घरात इतर कोणाला चट्टा असेल तर त्याचेही उपचार त्याच वेळी करतात.