जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा: बिघाड शोधण्याआधीची थोडी पार्श्वभूमी

जुनी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात कळतं की पेट्रोलचा काटा एकतर मेलाय किंवा थापा मारतोय. मग गॅरेजवाला सांगतो टाकीचं युनिट (टाकीतली पातळी मीटरला कळवणारा भाग) बदला, ते बदलूनही काटा तिथेच, मग मीटर बदला, आणि असे तीन-चार हजार गेल्यावर माणूस नाद सोडतो आणि किलोमीटर मोजून पेट्रोल भरायला लागतो. माझं म्हणणं एवढंच की हा काटा कोणत्या पिढीचा आहे ते आधी बघा, कारण प्रत्येक पिढीची खोड वेगळी आहे आणि ती तशी का पडली त्याला इतिहास आहे.

सुरुवातीला काटा नव्हताच. फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७, हिची टाकी पुढच्या सीटखाली, साधारण १० गॅलन म्हणजे ३८ लिटरच्या आसपास. सीटची गादी उचलायची, झाकण काढायचं, खुणा केलेली लाकडी पट्टी आत घालायची आणि कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. पेट्रोल ढकलायला गाडीत पंप वगैरे काही नाही, ते आपल्या वजनानंच इंजिनाच्या कार्बोरेटरकडे उतरायचं, त्यामुळे टाकीत कमी असेल आणि चढ उभा असेल तर लोक गाडी रिव्हर्समध्ये चढवायचे. आपल्याला हे ऐकून हसू येतं पण बजाजची जुनी चेतक स्कूटर आठवा. सीट उचला, झाकण काढा, एक डोळा मिटून आत बघा, अंधार असेल तर बॅटरी मारा (काडी पेटवून बघणारेही महाभाग होते). फोर्डच्या पट्टीत आणि यात फरक एवढाच की आपल्याकडे पट्टीसुद्धा नव्हती, स्कूटर हलवायची आणि डुचमळण्याच्या आवाजावरून अंदाज. बंद पडली की सीटखालचा कॉक रिझर्व्हला फिरवायचा, आणि रिझर्व्हही संपलं की स्कूटर आडवी करून उरलेले थेंब कार्बोरेटरकडे ढकलायचे, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकानं केलंय. फोक्सवॅगनची बीटल तर कार असून १९६१ पर्यंत तिला पेट्रोलचा काटा नव्हता, पायाशी एक खटका होता, गाडीनं आचके दिले की तो फिरवायचा आणि राखीव ५ लिटरवर पंप गाठायचा. ही पद्धत गचाळ वाटते पण खोटं बोलत नाही, कारण तिथे मधे कोणी निरोप्या नाहीये.

निरोप्या आला तो टाकी लांब गेली म्हणून. १९२७ च्या शेवटी आलेल्या मॉडेल ए मध्ये टाकी डॅशबोर्डच्या मागेच होती, त्यामुळे फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याचा, दांडा थेट गेजची तबकडी फिरवायचा, ना वायर ना बॅटरी. पण मांडीसमोर पेट्रोलची टाकी ठेवणं काही फार शहाणपणाचं नव्हतं, आणि बहुतेक कंपन्या तोवर टाकी मागे नेतच होत्या. आता टाकी मागे आणि ड्रायव्हर पुढे, मग आतली पातळी पुढे कळवायची कशी. अमेरिकेत अ‍ॅन आर्बरच्या किंग-सीली कंपनीनं यावर एक भन्नाट गेज काढलं होतं. टाकीत बुडवलेल्या नळीत हवा अडकवायची, पेट्रोलच्या दाबानं ती हवा दाबली जाते, तो दाब बारीक नळीतून पुढे येतो आणि डॅशबोर्डवरच्या काचेच्या नळीत लाल द्रव वर चढवतो, थर्मामीटरसारखा. दिसायला सुंदर, पण नळीत कुठे सूक्ष्म गळती झाली की संपलं. आज कोणाकडे अशी गाडी असेल तर त्याला वायर तपासून काही मिळणार नाही, त्याची हवा गेलेली असते, अक्षरशः.

मग वीज आली आणि आजपर्यंत चालत आलेली रचना ठरली. टाकीत फ्लोट, फ्लोटला दांडा, दांड्याच्या टोकाला एक पत्ती, ती रेझिस्टन्सच्या तारेवर घासत पुढेमागे सरकते. पातळी बदलली की रेझिस्टन्स बदलतो, तेवढा करंट बदलतो आणि काटा हलतो. टाकीतला हा भाग म्हणजेच युनिट, तो सगळीकडे साधारण सारखाच, खरी भानगड पुढच्या मीटरमध्ये आहे.

जुनी मीटरं दोन कॉइलची. दोन्ही कॉइल काट्याला आपापल्या बाजूला ओढतात, आणि तुलना दोघांमध्येच असल्यामुळे बॅटरी १२ व्होल्ट देवो की १४, फारसा फरक पडत नाही. पण काटा एवढा चपळ की वळणावर पेट्रोल डुचमळलं की हाही नाचणार. त्यावर उपाय म्हणून तापणारं मीटर आलं. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली, करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. तापायला वेळ लागतो म्हणून काटा शांत. चावी फिरवल्यावर काटा झटकन उडी न मारता आळोखेपिळोखे देत वर येत असेल तर तुमच्याकडे हेच आहे, समजा.

पण या शांतपणाची किंमत मोजावी लागली. तापणं व्होल्टेजच्या वर्गावर चालतं, म्हणजे १० व्होल्टच्या जागी १४ आले तर उष्णता जवळजवळ दुप्पट. म्हणून डॅशबोर्डच्या मागे एक छोटी डबी बसवावी लागली, व्होल्टेज स्टॅबिलायझर. फोर्डनं ५ व्होल्ट धरले, ब्रिटिशांनी १०. त्या डबीतही तापणारी पट्टीच, ती सतत चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट काढते, आणि हे करायला तिला बॉडीची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी विजेची पक्की जोडणी, लागते. ब्रिटिश गाड्यांमध्ये साठच्या दशकात हा प्रकार पसरला. आपल्याकडे अँबेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतातली बहीण, आणि कुर्ल्याला बनणारी पद्मिनी म्हणजे फियाट ११००, त्यामुळे आपल्या जुन्या गाड्यांचं रक्त अर्धं इंग्लंडचं आणि अर्धं इटलीचं, आणि एकाच्या मीटरला दुसऱ्याचं युनिट लावलं तर जमत नाही. मागच्या तीस-चाळीस वर्षांत कुठल्यातरी फिटरनं कशाला काय जोडून ठेवलंय ते देवालाच माहीत, म्हणून युनिट आणि मीटर एकाच जोडीचे आहेत का ही पहिली शंका घ्यावी. ब्रिटिश तापणाऱ्या मीटरला टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम लागतात आणि भरल्यावर तिसेक. अमेरिकन जनरल मोटर्सचं १९६५ नंतरचं गणित याच्या बरोब्बर उलट, रिकामीला शून्य आणि फुलला ९०.

या उलटसुलटपणामुळेच इकडून तिकडून ऐकलेले सल्ले गंडतात. टाकीची वायर तुटली तर तापणाऱ्या मीटरचा काटा रिकामीवर पडून राहतो, पण जनरल मोटर्सच्या मीटरचा काटा फुलच्याही पलीकडे जाऊन आपटतो. वायर टाकीपाशी काढून बॉडीला लावायची तपासणी सगळे सांगतात, ती बरोबरच आहे, तापणाऱ्या मीटरचा काटा फुलकडे चढायला लागला की मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीत किंवा टाकीच्या अर्थिंगमध्ये. पण चावी बंद ठेवून आधी वायर लावा आणि मग चावी फिरवा, टाकीजवळ ठिणगी नको, आणि काटा चढायला लागला की लगेच बंद करा, नाहीतर आतली तार जळते आणि चांगल्या मीटरचा खून आपल्याच हातून होतो.

फ्लोटचाही एक किस्सा आहे. पूर्वी फ्लोट बुचाच्या लाकडाचे असायचे, पेट्रोल शोषू नये म्हणून वर लाखेचा थर. नंतर पितळेचे पोकळ आले, त्यांच्या झाळलेल्या जोडाला बारीक भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट बुडतो आणि टाकी भरलेली असली तरी काटा रिकामीवर. काढून कानाशी हलवून बघा, आत पाणी वाजल्यासारखं वाजतं. पण लाखवाल्यांची खरी पंचाईत आता झालीय. आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुताराला विचारा, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच तो पॉलिश करतो. म्हणजे ऊस इकडे पिकतो आणि कोणाच्यातरी नव्वद वर्षांच्या गाडीतला फ्लोट तिकडे सोलला जातो. ज्यांच्याकडे अजून बुचाचा फ्लोट आहे त्यांनी तो थर एकदा बघून घ्यावा.

अर्थिंगबद्दल शेवटचं, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच फसतात आणि आमचे मामाही फसले. त्यांच्याकडे एक ब्रिटिश वळणाची जुनी गाडी होती, कंपनी राहू दे. एका उन्हाळ्यात ती तापायला लागली, म्हणजे टेंपरेचरचा काटा लालला जायचा. मामांनी रेडिएटरवाल्याकडे दोन फेऱ्या मारल्या, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून फेकला, डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवायला लागले. त्याच दिवसांत गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणून खूशही होते, पेट्रोलचा काटा खाली यायचं नावच घेईना. मग एकदा पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी बंद, काटा पावच्या जवळपास, आणि मामा बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओततायत. मी मागच्या सीटवर. एका ट्रकवाल्यानं उतरून मागे जाऊन टाकीवर बुक्की मारली आणि म्हणाला, मामा, ही तर ढोल वाजतीये.

दोन्ही काटे एकाच वेळी वर गेले होते, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मीटर वेगळी असली तरी दोघांना वीज स्टॅबिलायझरच्या एकाच डबीतून येते, आणि तिची अर्थिंग सुटली की ती १० व्होल्टच्या जागी बॅटरीचे पूर्ण व्होल्ट पुढे सोडते. महिन्याभरानं एका म्हाताऱ्या वायरमननं डॅशबोर्डखाली हात घातला, स्टॅबिलायझरचा ढिला स्क्रू काढला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं खरवडून पुन्हा आवळला. पैसे घेतले दहा रुपये. दोन्ही काटे शहाण्यासारखे खाली आले, आणि मामांचा थर्मोस्टॅट मात्र कुठल्या कोपऱ्यात फेकला ते शेवटपर्यंत सापडलं नाही.