बशीतल्या पेशींची तब्येत ओहममध्ये

वाशीला एका आरोग्य प्रदर्शनात आमच्या सोसायटीतल्या काकांनी हातात पितळी दांडा धरून ‘संपूर्ण पेशी-तपासणी’ करून घेतली. मिनिटभरात लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे कागद हाती आले. यकृताच्या पेशींत म्हणे ‘सौम्य असमतोल’, आणि त्यावरच्या गोळ्या शेजारच्याच टेबलावर! काकांना म्हटलं, हात ओला करून पुन्हा धरा. पट्ट्यांचे रंग बदलले. कोरड्या कातडीचा विद्युतरोध ओल्या कातडीच्या कितीतरी पट असतो. तो दांडा काही मोजत असलाच, तर एवढंच मोजत असणार.

चीड याची येते, की विजेवरून पेशींची तब्येत खरोखर कळते. फक्त त्यासाठी पेशी इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज सोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, वाढवाव्या लागतात. ही युक्ती इव्हार येव्हर आणि चार्ल्स कीझ यांनी १९८४ मध्ये मांडली. येव्हर मूळचे मेकॅनिकल इंजिनियर, १९७३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले; पुढे जीवशास्त्रात रमले. बशीच्या तळाशी पाव मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा इलेक्ट्रोड, वर पेशी आणि त्यांचं पोषक द्रावण. त्यातून जेमतेम १ मायक्रोअँपियर एसी (सतत दिशा बदलणारा) करंट सोडायचा आणि इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, मोजत राहायचा. एवढ्याशा करंटचा पेशींना त्रास होत नाही.

आता खरी गंमत. पेशीपटल म्हणजे काही नॅनोमीटर जाडीचा स्निग्ध थर. आत खारट पाणी, बाहेर खारट पाणी, मध्ये तेल: झाला की शाळेतला कपॅसिटर! त्याची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड. ह्युगो फ्रिके यांनी १९२५ मध्ये तांबड्या पेशींवर ०.८१ मायक्रोफॅरड मोजलं आणि त्यावरून पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर काढली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

इलेक्ट्रोडमधून निघालेल्या करंटपुढे दोन वाटा असतात. एक थेट पेशीतून: खालचं पटल, मग वरचं. दोन कपॅसिटर एकापाठोपाठ आले की धारकता निम्मी, म्हणजे आपल्या इलेक्ट्रोडपुरती सुमारे पाव नॅनोफॅरड. अडथळ्याच्या १/(२πfC) या सूत्रात (f वारंवारता, C धारकता) घाला: ४,००० हर्ट्झला अडथळा १.६ लाख ओहम, ४०,००० हर्ट्झला १६ हजार. (आकडेमोड नको असेल त्यांनी एवढंच धरावं: कमी वारंवारतेला पेशीतून जाणं महाग, जास्त वारंवारतेला स्वस्त.) दुसरी वाट पेशीखालची. पेशी तळाला ठिकठिकाणी चिकटते, पण मध्ये शंभरेक नॅनोमीटरची फट राहते. गच्चीवरच्या ताडपत्रीखाली शिरलेलं पाणी कडेपर्यंत सरकत जाऊन बाहेर येतं, तसा करंट या फटीतून आडवा सरकतो आणि दोन पेशींमधल्या सांध्यातून वर येतो. ४,००० हर्ट्झला तो प्रामुख्याने हीच वाट धरतो. त्यामुळे तिथला आकडा पेशीच्या पोटातलं नव्हे, तर तिची पकड आणि शेजारणीशी असलेला सांधा सांगतो. विष दिलं की पेशी आक्रसते, गोल होते, तळ सोडते, आणि आकडा उतरत जातो.

याहून मला आवडते ती इम्पिडन्सच्या आलेखावरची थरथर. आधी ती उपकरणाची खरखर वाटते. पण फॉर्मालिन घालून पेशी मारल्या की रेषा सपाट होते. जिवंत पेशी स्वस्थ बसत नाही. तिची नॅनोमीटरभर चुळबुळही फट कमी-जास्त करते, आणि ती ओहममध्ये उमटते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषधकंपन्या असोत की खारघरच्या ॲक्ट्रेकसारखी कर्करोग संशोधन संस्था, पेशींवर औषध तपासणाऱ्या कुणालाही एक प्रश्न पडतोच: पेशी मेली ते ठीक, पण कधी? एमटीटीसारखी रंगाची चाचणी ठरल्या वेळी एकदाच उत्तर देते आणि त्यात पेशींचा बळी जातो. इम्पिडन्स रात्रभर, पेशींना हात न लावता, दर मिनिटाला नोंदवता येतो. २००४ मध्ये येव्हर-कीझ यांनी करंट वाढवून इलेक्ट्रोडवरच्याच पेशी मारल्या, आणि आजूबाजूच्या पेशी सरकत येऊन ती जागा किती वेळात भरतात हेही मोजलं.

मात्र आकडा पडला म्हणजे पेशी मेलीच, असं नाही. विभाजनाआधीही ती गोल होते. म्हणून ट्रायपॅन ब्लूसारख्या, मेलेल्या पेशींतच शिरणाऱ्या रंगाने खात्री करावी लागते. रक्तातल्या तांबड्या पेशी तर इलेक्ट्रोडला धरून बसतही नाहीत. त्यांच्यासाठी वॉलेस कोल्टर यांची तऱ्हा, पेटंट १९५३ चं: खारट पाण्यातून एकेक पेशी बारीक भोकातून जाते, तेवढं पाणी बाजूला सारते आणि रोध क्षणभर वाढतो. किती वेळा वाढला यावरून संख्या, किती वाढला यावरून आकारमान. नौपाड्यातल्या लॅबमधून आणलेल्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावरचा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, बहुधा असाच आलेला असतो.