सूचना फलक (गृहनिर्माण संस्थेचा)

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात सभासदांना कळवायच्या गोष्टी लावण्याची ठरलेली जागा. बोलीत ‘नोटीस बोर्ड’ किंवा नुसता ‘बोर्ड’. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या गृहनिर्माण संस्थांची संख्या एक लाखाच्या वर आहे आणि राज्यातल्या एकूण सहकारी संस्थांत निम्म्याहून जास्त वाटा त्यांचाच आहे. साखर कारखान्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात; या संस्थांच्या बातम्या येतात त्या या बोर्डावर. पाणी कधी येणार, लिफ्ट का बंद आहे, सभा कधी आहे, गणपतीची वर्गणी किती, वॉचमन का बदलला हे सगळे एकाच चौकटीत, शेजारीशेजारी टोचलेले असते.

बोर्डाचे रूप सहसा ठरलेले. तळमजल्यावर लिफ्टजवळ किंवा जिन्याच्या तोंडाशी, टपालपेट्या आणि फ्लॅटधारकांच्या नावांची पाटी यांच्या शेजारी भिंतीला ठोकलेली ॲल्युमिनियमची चौकट, आत हिरवे किंवा मरून कापड, पुढे सरकती काच आणि काचेला छोटे कुलूप. किल्ली सचिवांकडे, दुसरी वॉचमनच्या टेबलाच्या खणात. पावसाळ्यात कागद सर्द होऊन कडा वळतात आणि टाचण्यांचा गंज कागदावर उतरतो. जुन्या सूचना काढण्याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे मार्चमधल्या टाकी-सफाईच्या सूचनेवर जुलैतली वृक्षारोपणाची सूचना चढते. पन्नास-साठ वर्षांच्या इमारतींत अजून काळा फळा आणि खडूही आढळतो. त्यावरचे अक्षर एकाच माणसाचे असते आणि तो माणूस बाहेरगावी गेला की फळा कोरा राहतो.

मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली उभी राहिलेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी ही या राज्यातल्या गृहनिर्माण सहकाराची सुरुवात मानली जाते. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांची खटपट होती. भाड्याच्या चाळीतून बाहेर पडू पाहणाऱ्या मध्यमवर्गाला एकत्र येऊन घर बांधण्याची ही वाट पुढे सोयीची झाली. १९२५ चा मुंबई सहकारी संस्था कायदा आणि त्यानंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यांनी तिला चौकट दिली. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी या अधिनियमात ‘तेरा-ब’ हे वेगळे प्रकरण आले. बोर्ड मात्र कायद्यापेक्षा जुन्या सवयीतून आलेला आहे. चाळीच्या चौकातला फळा, गणेशोत्सव मंडळाचा फळा, वाचनालयाच्या दारातला आणि पक्षाच्या शाखेबाहेरचा खडूने रंगवलेला फलक ही त्याची भावंडे. पुण्यात त्याचे नाते पाट्यांच्या परंपरेशीही लागते, आणि तिथल्या काही सोसायट्यांत पार्किंगविषयीची सूचना वाचताना ते लगेच जाणवते.

संस्थेच्या कारभारात बोर्डाला औपचारिक स्थान आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार, सभेच्या आणि निर्णयांच्या सूचना सभासदांना पोचवायच्या असतात आणि त्यांची प्रत बोर्डावर लावायची असते. त्यामुळे घरी कागद मिळाला नाही अशी तक्रार आली की समितीचे पहिले उत्तर ठरलेले: ‘बोर्डावर लावली होती की.’ या वाक्यात संस्थेचे अर्धे राजकारण आहे. सूचना खरोखर कधी लागली याचा वाद झाला तर कागदावरची तारीख, सचिवांची सही आणि संस्थेचा गोल शिक्का एवढाच आधार उरतो. म्हणून सावध सचिव सूचना लावल्याबरोबर तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतात.

सर्वांत वजनदार सूचना वार्षिक सर्वसाधारण सभेची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर राज्यातल्या बोर्डांवर जवळजवळ एकच मजकूर झळकतो. सभेआधी चौदा पूर्ण दिवस सूचना द्यावी लागते. विषयपत्रिका ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ इथून सुरू होते, लेखापरीक्षित हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक अशी उतरत जाते आणि ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ इथे संपते. सभेतले खरे भांडण या शेवटच्या ओळीत असते. गळतीचा खर्च कोणी द्यायचा, वरच्या मजल्यावरचा बॉल आपटण्याचा आवाज, कबुतरांना दाणे, लिफ्टमधून नेलेला कुत्रा हे विषय त्यापूर्वीच्या सात-आठ मुद्द्यांत कुठेच बसत नाहीत.

त्याच कागदाच्या तळाशी असलेली टीपही वाचण्यासारखी. सभेला दोन-तृतीयांश सभासद किंवा वीस जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणसंख्या लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरते आणि तिला गणसंख्येचे बंधन राहत नाही. त्यामुळे बहुतेक संस्था मूळ सूचनेतच लिहून मोकळ्या होतात: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल.’ सभासदही हे ओळखून असतात. दहाच्या सभेला साडेदहाला जायचे, हा शहाणपणा नव्या भाडेकरूलासुद्धा चार दिवसांत कळतो.

भाषा सरकारी पत्रव्यवहाराची आहे. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’, ‘याची कृपया नोंद घ्यावी’, ‘सहकार्य अपेक्षित आहे’, ‘कार्यकारी समितीच्या आदेशावरून’. लिहिणारा निवृत्त बँक अधिकारी असला तर वाक्ये आणखी ताठ होतात. या कर्मणी भाषेचा फायदा असा की कोणी कोणाला बोलले असे होत नाही. तिसऱ्या मजल्यावरून कचरा खाली टाकणारे घर सगळ्या इमारतीला माहीत असते, तरी बोर्डावर ‘काही सभासदांकडून असे निदर्शनास आले आहे’ असेच येते. समोरासमोर बोलायची वेळ टळते आणि जिन्यातले नमस्कार चालू राहतात. मुंबई-ठाण्याच्या मिश्र वस्तीत सूचना इंग्रजीत काढायची की मराठीत, यावर सभेत आवाज चढतात. दोन्ही भाषांत काढणे हा सर्रास चालणारा तोडगा. मग मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा दोन ओळी कमी का, असा प्रश्न कोणीतरी काढतेच.

रोजच्या सेवांच्या सूचना संख्येने सर्वांत जास्त. धरणांत साठा खालावला की महापालिका पाणीकपात जाहीर करते आणि संस्था आपल्या टाकीप्रमाणे पाणी सोडण्याच्या वेळा बदलते. पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद राहण्याची सवय इतकी मुरलेली आहे की तिथे बुधवारी संध्याकाळी बोर्डावर एक ओळ पुरते. टाकी धुणे, पेस्ट कंट्रोल, गॅसच्या पाइपलाइनचे काम, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची ताकीद, टँकरचा जादा खर्च ही बाकीची नेहमीची मंडळी. देखभाल शुल्काचा हिशेबही कधी कधी इथेच लागतो. उपविधींप्रमाणे पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि लिफ्टचा खर्च सर्व सदनिकांवर सारखा आकारतात. तळमजल्यावरच्या सभासदाला लिफ्टचे पैसे का, हा वाद म्हणूनच कोणत्याही संस्थेला चुकलेला नाही.

सुरक्षिततेच्या सूचनांचे दोन थर असतात. वरचा थर कायद्याचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘बी’ नमुन्यातले प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत सादर करावे लागते. इमारत जुनी होत गेली की संरचनात्मक तपासणी येते: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. अहवालातला ‘तातडीने दुरुस्ती आवश्यक’ हा शेरा बोर्डावर लागला की गच्चीतल्या गप्पांचा विषय बदलतो आणि ‘मग रिडेव्हलपमेंटच का नको’ हे वाक्य ऐकू येऊ लागते.

खालचा थर रोजच्या सावधगिरीचा. भाडेकरू ठेवल्यास त्याची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी, घरकामाला येणाऱ्यांचे ओळखपत्र वॉचमनकडे नोंदवावे, सोनसाखळी चोरांपासून सावध राहावे, वीज तोडण्याच्या बनावट संदेशातला नंबर लावू नये. शेजारी आणीबाणीच्या क्रमांकांचा कागद असतो: ११२, अग्निशमनाचा १०१, सायबर फसवणुकीसाठी १९३०, मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६. या सूचनांत धोका नेहमी फाटकाबाहेरून येतो. आगीच्या वेळी लागणाऱ्या जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या कपाटाबद्दलची सूचना मात्र दर सहा महिन्यांनी पुन्हा लागते आणि कपाट जागचे हलत नाही. २०२० च्या टाळेबंदीत या थराने बाकी सगळे झाकून टाकले होते. कोणता मजला बंद, भाजी कोणत्या वाराला कुठे मिळेल, घरकामाच्या बायकांना कधीपासून प्रवेश, अशा सूचना काही ठिकाणी दिवसाला दोनदा बदलत. समितीला इतका अधिकार तोवर कधी मिळाला नव्हता आणि काहींनी तो जरुरीपेक्षा जास्त वापरला.

सणांच्या दिवसांत बोर्डाचा रंग पालटतो. मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या अनेक सोसायट्यांत २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि त्याच दिवशी सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असते. प्रजासत्ताक आणि सत्यनारायण यांची ही सांगड हक्काच्या सुट्टीने घातली आहे. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू, कोजागरीचे मसाला दूध, नवरात्रातला दांडिया, रांगोळी, संगीत खुर्ची आणि लहान मुलांच्या वेशभूषा स्पर्धा यांची पत्रके स्केचपेनने हाताने रंगवलेली असतात. जून उजाडला की दहावी-बारावीच्या गुणवंतांची नावे टक्क्यांसह लागतात. गणपतीच्या वर्गणीची यादी सदनिका क्रमांक आणि रकमेसह जाहीर करण्याची प्रथा आहे. ती पारदर्शकतेसाठी असते असे सांगतात, पण ५०१ रुपयांच्या रांगेत १०१ रुपये लिहिलेल्या घराकडे पाहणारे डोळे पारदर्शकता शोधत नसतात. निधनाची सूचना छोटी असते. नाव, सदनिका क्रमांक, अंत्ययात्रेची वेळ. आणि त्या दिवशीचा ठरलेला कार्यक्रम न सांगता रद्द होतो.

थकबाकीदारांची नावे लावण्याची प्रथा अधिक टोकदार. देखभाल शुल्क थकवणाऱ्याविरुद्ध सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळवण्याची रीतसर तरतूद आहे, पण तिला वेळ आणि वकील लागतो. नावांच्या यादीला एक टाचणी पुरते. लाज वाटणारा माणूस दुसऱ्याच दिवशी धनादेश देतो. जो वर्षानुवर्षे थकवतो त्याला लाजेने फरक पडत नाही, उलट बदनामीची नोटीस पाठवायला कारण मिळते. ज्याच्यासाठी यादी लावली तोच तिच्यातून सहीसलामत सुटतो, म्हणून हा उपाय दिसतो तेवढा कामाचा नाही.

पुनर्विकासाच्या काळात हाच बोर्ड कोट्यवधींच्या व्यवहाराचा साक्षीदार होतो. अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली शासनाने २००९ मध्ये निर्देश काढले आणि २०१९ मध्ये ते सुधारले. विकासकांकडून आलेल्या प्रस्तावांची यादी मुदतीच्या शेवटच्या दिवशी सचिवांनी तयार करून बोर्डावर लावावी, ही त्यातली बाब. विशेष सभेचे चित्रीकरणही बंधनकारक आहे. एरवी बोर्डाकडे न पाहता लिफ्टमध्ये शिरणारे सभासद या दिवसांत चष्मा लावून उभे राहतात, आणि परगावी राहणारे फ्लॅटमालक शेजाऱ्याला ‘जरा फोटो पाठव’ म्हणून फोन करतात.

व्हॉट्सॲपचे ग्रुप आल्यावर बातमी बोर्डावरून निघून गेली, कागद राहिला. लिफ्ट बंद पडल्याचे ग्रुपवर दोन मिनिटांत कळते, त्याखाली चाळीस प्रतिक्रिया येतात, मध्येच कोणी सुप्रभातचे चित्र टाकते. समितीने ‘फक्त ॲडमिनच लिहू शकतील’ असा ग्रुप केला की दुसरा, समितीविना ग्रुप निघतो आणि खरी चर्चा तिकडे होते. पण भाडेकरूंना कित्येकदा ग्रुपमध्ये घेत नाहीत, आणि वॉचमन, सफाई कामगार, दूधवाले तर त्यात नसतातच. यांच्यासाठी बोर्ड अजून एकमेव आहे. नव्या टॉवरमध्ये प्रत्येक विंगला वेगळा बोर्ड असतो, फाटकावरची नोंद ॲपवर होते आणि लिफ्टसमोर छोटा डिजिटल पडदा लागतो. पडद्याच्या जाहिरातींचे भाडे संस्थेच्या जमेत पडते, म्हणून क्लासच्या आणि दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातींमधून टाकी-सफाईची सूचना दहा सेकंद दिसते. वार्षिक सभेची सूचना मात्र तिथेही छापून, सही-शिक्क्यासह काचेमागे लावतात.