पचनमार्गाचे श्राव्यातीत चित्रण

सेकंदाला २० हजारांहून अधिक कंपने असलेले, माणसाला ऐकू न येणारे ध्वनितरंग पोटात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून पचननलिकेचे विकार ओळखण्याची पद्धती. रूढ नाव सोनोग्राफी. इंदूरच्या मराठी घरांत ‘पोटाची सोनोग्राफी’ म्हटले की यकृत, पित्ताशय व स्वादुपिंडही त्यात आलेच. प्रस्तुत नोंद मात्र नलिकेपुरती आहे.

हा भेद उगमाच्या वादात महत्त्वाचा ठरतो. अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग यांनी १९४० च्या दशकाअखेरीस पित्तखड्यांवर प्रयोग केले. काही लेखक आरंभ तेथेच धरतात. पण पित्ताशय पचनसंस्थेत मोडते, पचनमार्गात नव्हे. मार्गापुरते पाहिल्यास जॉन वाइल्ड यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. मूळच्या इंग्लंडमधील या शल्यचिकित्सकाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतडी फुगलेले रुग्ण पाहावे लागले होते. पुढे मिनेसोटात १५ मेगाहर्ट्‌झच्या स्पंदांनी त्यांनी आतड्याच्या भित्तीची जाडी मोजली (प्रसिद्धी १९५०). अर्थात ते मापन होते. आजच्या अर्थाचे चित्र नव्हे.

त्यानंतरही आतडे बराच काळ उपेक्षित राहिले, कारण वायूच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ संपूर्ण परावर्तित होतो व पलीकडचे दिसत नाही. १९८६ मध्ये नेदरलँड्सचे ज्युलियन पॉयलार्ट यांनी प्रोब (ध्वनितरंग सोडणारा व प्रतिध्वनी टिपणारा, पोटावर टेकवायचा भाग) हळूहळू दाबत वायू व आतड्याची वेटोळी बाजूला सारण्याची रीत मांडली. दाबूनही न चेपणारे, ६ मिमी.हून जाड आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) सुजलेले असण्याचा संभव असतो. तान्ह्या मुलांत जठरनिर्गमाचा (जठरातून आतड्यात उघडणाऱ्या द्वाराचा) स्नायू सु. ३ मिमी. वा अधिक जाड आढळल्यास त्या द्वाराच्या अरुंदतेचे निदान होते. आतड्यात आतडे शिरले असल्यास वर्तुळात वर्तुळ दिसते. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी जाड भित्ती व वाढलेल्या लसीका ग्रंथी दिसल्या, तर भारतात क्षयाची शंका आधी घेतात. क्रोन विकारातही (आतड्याच्या दीर्घकालीन दाहात) चित्र बरेचसे असेच असते. निर्णय ऊतक-तपासणीवर (बायॉप्सीवर) सोपवावा लागतो.

तोंडावाटे वा गुदद्वारातून आत घालायच्या दुर्बिणीच्या (एंडोस्कोप) टोकाला प्रोब बसवून आतून चित्रण करण्याची पद्धत १९८० च्या सुमाराची.

तपासणीपूर्वी सहा ते आठ तास उपाशी राहण्यास सांगतात. हा नियम मुख्यतः पित्ताशय भरलेले राहावे म्हणून आहे. आतड्याच्या दृष्टीने वायू कमी असला की पुरे. पोहे-जिलेबीने सकाळ उजाडणाऱ्या इंदुरात उपाशी राहण्याचा नियम पाळणे जड जाते, एवढे खरे. यंत्रांची नोंदणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली (१९९४) होत असल्याने आंत्रपुच्छाच्या रुग्णालाही दारावर ‘येथे गर्भलिंग तपासणी होत नाही’ अशा आशयाची पाटी भेटते.